दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट

कडी : चष्मा पुसून झाला, पेन्सिलीला टोक काढून झालं, आता काय टेबलाचे पाय चेपून देणार आहात? भाजक वाचा ना!

कारकून : वाचतो, कडीताई. पान जरा चिकटलंय.

कोयंडा : चोवीस वर्षांत कधी चिकटलं नाही ते.

कारकून : हवा दमट आहे. तशी नोंद करतो. ‘हवा दमट.’

कडी : करा, करा. आणि हेही लिहा, की कारकुनाच्या कपाळावर घाम आहे, आणि तो काही हवेचा नाही.

कोयंडा : छळू नकोस गं त्यांना. वहीचं शेवटचं पान आलंय. गेल्या रविवारी त्यांनी वही छातीशी धरून मिटली तेव्हाच ओळखलं मी.

कारकून : किती पानं उरली हे सांगायची मला बंदी आहे, कोयंडेराव.

कोयंडा : सांगू नका. मी मोजणीदार माणूस. छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. वहीची जाडी बघून पानं सांगतो.

कडी : जमिनी मोजून पोट भरलं नाही म्हणून आता बहिणीच्या स्वयंपाकघरात फीत धरलीय. आल्या आल्या काय केलंस, सांग ना त्यांना.

कोयंडा : खडूनं एक रेघ मारली. त्यात काय एवढं?

कडी : त्यात काय! बघा हो तुम्हीच, रेघ कुठून जाते. शेगडी माझ्याकडे, नळ याच्याकडे, आणि हे टेबल बरोब्बर मधोमध. भिंत उभी राहिली की मी शेगडीवर रिकामं पातेलं ठेवायचं आणि हाक मारायची, ‘अरे ए, तांब्याभर पाणी फेक रे भिंतीवरून!’

कोयंडा : मला हाक मारून उपयोग नाही. मी नसणार तिथे. भिंत झाली की माझा अर्धा भाग मुलगा विकणार. गिऱ्हाईकही ठरवलंय त्यानं.

कडी : कोण?

कोयंडा : बँडवाला आहे. पितळी कर्णा शिकवतो. नवशिक्यांचे वर्ग घ्यायला जागा हवीय त्याला.

कडी : माझ्या भिंतीला लागून?

कोयंडा : गेल्या महिन्यात मीटर बघायला म्हणून एक जण आला होता ना? तोच तो.

कडी : तरीच! मीटरसमोर उभा राहून मेला ‘पॉं’ म्हणाला. मला वाटलं, शॉक लागला. मी त्याला साखरपाणी दिलं!

कोयंडा : म्हणाला, आवाज छान घुमतो.

कडी : आणि तू कुठे जाणार?

कोयंडा : मुलाकडे. लांब आहे ते. रविवारी उठून यावं अशा अंतरावर नाही.

कडी : बरं.

कारकून : प्रस्तावना वाचू का? बाहेर गवंडी ताटकळलाय.

कडी : तो काय आजचा ताटकळलाय? आधी त्याचा बाप दर रविवारी थापी घेऊन यायचा. ताटकळता ताटकळता अंगणात तीन कट्टे बांधून गेला बिचारा. वाचा.

कारकून : ‘मी, कुलुपं करणारा, वय एक्याऐंशी, पूर्ण शुद्धीवर असून आणि दाढ ठणकत असताना लिहून ठेवतो की, माझी जुळी मुलं, कडी आणि कोयंडा —’

कोयंडा : कागदोपत्री तरी शाळेतली नावं घालायची होती. त्या दिवसापासून यांचे वकीलसाहेबसुद्धा मला कोयंडेराव म्हणायला लागले.

कडी : माझं बरं झालं. कुलपाच्या दुकानाला शोभतं नाव. पुढे?

कारकून : ‘— आईच्या माघारी एकमेकांशी बोलत नाहीत आणि घराच्या मधोमध भिंत मागतात. तेव्हा मी हे घर एका आकड्यात बंद करून जातो. आकडा असा : दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट. ज्या दिवशी या आकड्याला पूर्ण भाग जाईल, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत भिंतीची पहिली वीट बसावी. त्याआधी नाही.’

कडी : ‘भागायचं दर रविवारी दुपारी, दोघांनी समोरासमोर बसून, हातानं. एका रविवारी एकच भाजक —’

कारकून : कडीताई, वाचन माझ्याकडे आहे.

कडी : बाराशे एकोणतीस वेळा ऐकलंय हो. घरातली पालसुद्धा म्हणून दाखवेल.

कारकून : पालीचा उल्लेख मृत्युपत्रात नाही. ‘— एकच भाजक, आणि तोही मूळ संख्या. म्हणजे जी संख्या स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कुणाचाच भाग लागू देत नाही —’

कडी : ‘— माझ्या मुलांसारखी.’

कारकून : ‘— माझ्या मुलांसारखी. लहानापासून मोठीपर्यंत ओळीनं, मी वहीत लिहिल्याप्रमाणे. वही वकिलाच्या कारकुनाकडे राहील. कडीनं भागावं, कोयंड्यानं ताळा करावा. कुणी यंत्राला हात लावला, तर घर पलीकडच्या गल्लीतल्या चपट्या कुलूपवाल्याला जावं, ज्याची कुलुपं केसातल्या पिनेनंसुद्धा उघडतात.’

कोयंडा : मरतानाही टोमणा सोडला नाही म्हाताऱ्यानं.

कडी : तू हसतोस? तुझ्या नातीनं फोनवर हिशोब करून टाकला होता, तेव्हा जीव टांगणीला लागला होता माझा.

कोयंडा : तिनं केला, मी ऐकला नाही. आठवडाभर कानांत कापसाचे बोळे घालून जेवलो. सुनेला वाटलं, तिच्या बोलण्यामुळे घातले. तीही आठवडाभर जेवली नाही.

कारकून : प्रस्तावना संपली. गेल्या रविवारचा गोषवारा. भाजक नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. बाकी बाराशे चोवीस. ताळा जुळला. शिक्का ‘बाकी उरली’. आजवरचे भागाकार बाराशे एकोणतीस. खाडे बावीस.

कडी : त्यातले पाच माझ्या डोळ्यांचे. तीन याच्या पित्ताशयाचे, चार हजार एकच्या सुमाराला. बाकी सगळे बसच्या संपाचे.

कोयंडा : बघा, हिला तारखा आठवत नाहीत, आकडे आठवतात.

कडी : आठवणारच. बाराशे त्र्याऐंशी आठवतो तुला?

कोयंडा : नाही.

कडी : थापा मारू नकोस. पहिली चार वर्षं तू दारातून आत येऊन फक्त ‘बाकी?’ म्हणायचास, मी आकडा सांगायची, तू ताळा करून टोपी घालून जायचास. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. बाराशे त्र्याऐंशीच्या रविवारी पहिल्यांदा विचारलंस, ‘चहात आलं घालतेस का अजून?’

कोयंडा : खोकला झाला होता.

कारकून : त्या दिवसाच्या नोंदीत ‘कोयंडा यांस खोकला’ असं आहे खरं.

कडी : खोकल्याचे उपकारच झाले. नाहीतर मला वाटायचं, बाबा आकड्यांतून बोलतात आणि हा आकड्यांशीसुद्धा बोलत नाही. पहिले सहा रविवार आठवतात ना, कारकून?

कारकून : कसे विसरेन? दोननं भागलं, बाकी एक. तीननं, बाकी दोन. पाचनं तीन. सातनं पुन्हा तीन. अकरानं तीन. तेरानंही तीन. साहेब म्हणाले, ‘तू ओळीनं चार रविवार तोच आकडा लिहून आणतोस, तू जातोस का तरी तिकडे?’

कडी : त्याचंच मी गाणं केलं.
दोघांत वाटलं, उरला एक,
तिघांत वाटलं, उरले दोन,
पाचा-सातांत तीनच तीन,
उरलंसुरलं झाकील कोण?

कोयंडा : दर रविवारी म्हणायची. भागताना म्हणायची, चहा गाळताना म्हणायची. ताळा करताना डोक्यात तेच घुमायचं.

कडी : तरी चुकला नाहीस कधी.

कोयंडा : बाराशे एकोणतीस ताळे. एकही चूक नाही. कामावर छत्तीस वर्षांत एक बोट इकडचं तिकडे झालं नाही माझ्या हातून. माझ्या अंत्ययात्रेत सांगा लोकांना.

कडी : सांगेन. ‘बाकी माणूस कसा होता विचारू नका, हातचा मात्र कधी विसरला नाही.’

कारकून : आता भाजक वाचू?

कडी : थांबा. आज भाग गेला नाही तर काय होतं, ते याला पुन्हा सांगू दे. मला गेल्या रविवारी पटलं नव्हतं.

कोयंडा : नाही गेला तर कधीच जाणार नाही. आकडाच मूळ ठरला. घर अखंड. भिंत नाही, बँडवाला नाही, मुलगा हात चोळत बसेल.

कडी : का पण? आजच्या पुढचे आकडे काय संपावर गेलेत?

कोयंडा : असं बघ. दोन संख्या एकमेकींना गुणून आपला आकडा होणार असेल, तर जोडीत एक धाकटी असणार की नाही?

कडी : जोडीत धाकटं कुणीतरी असतंच. तूच नाहीस का, अकरा मिनिटांनी?

कोयंडा : दहा. ती सुईण घड्याळ न बघता बोलली होती. तर ती धाकटी संख्या दहा हजार आठच्या खालीच हवी. कारण दहा हजार आठला दहा हजार आठनं गुणलं, की आपल्या आकड्याच्या वर एक होतो. एकच, पण वर. म्हणून दहा हजार आठच्या पुढे धाकटा भाऊ सापडायचा नाही. आणि त्याच्या खालचं शेवटचं नाव आज यांच्या वहीत आहे.

कडी : म्हणजे गेला तर भिंत.

कोयंडा : हो.

कडी : नाही गेला तर घर माझं-तुझं, आहे तसं.

कोयंडा : हो.

कडी : आणि रविवार?

कोयंडा : कसला रविवार?

कडी : भागायला काही उरलंच नाही, तर पुढच्या रविवारी तू कशाला येशील?

कोयंडा : हे बघ, मला विनाकारण कुठे जायची सवय नाही.

कडी : लोक बहिणीला भेटायला जातात.

कोयंडा : जात असतील. मला नाही येत ते. हातात काम असलं की बसता येतं मला कुणासमोर. नुसतं बसलो की वाटतं, समोरच्याचं अंगण मोजावं. मग भांडण होतं.

कडी : म्हणजे भाग गेला तरी आजचा शेवटचा, आणि नाही गेला तरी आजचा शेवटचा.

कोयंडा : हिशोबानं तसंच.

कडी : मग वाचा हो. कुलूप कुठलंही असो, किल्ली एकदा घातली की फिरवावी, नाहीतर ती आतच मोडते.

कारकून : वाचतो. भाजक क्रमांक बाराशे तीस. पानावर दुसरं काही नाही. दहा हजार सात.

कडी : पाच आकडी आला की गं बाई! चोवीस वर्षांत पहिला. रकाना रुंद आखायला हवा. फूटपट्टी दे रे.

कोयंडा : घे. सरळ धर. तुझ्या रेघा चाव्यांच्या दातांसारख्या असतात.

कडी : जन्म गेला चाव्या घासण्यात. दुकान तू घेतलं असतंस तर मीही सरळ रेघा मारल्या असत्या. हं. पहिले पाच अंक घेते. दहा हजार सोळा. त्यात दहा हजार सात, एकदा. उरले नऊ.

कोयंडा : नऊ.

कडी : शून्य खाली. नव्वद. भाग जात नाही. वर शून्य. दुसरं शून्य खाली. नऊशे. नाही जात. वर शून्य. सहा खाली. नऊ हजार सहा.

कारकून : जातो का?

कोयंडा : हजार एकानं कमी पडलं. वर शून्य.

कारकून : बरं झालं. म्हणजे, वाईट झालं. म्हणजे, माझं काही मत नाही.

कडी : शेवटचा तीन खाली. नव्वद हजार त्रेसष्ट.

(पेन्सिल थांबते. बाहेर गवंडी थापी कट्ट्यावर आपटून झटकतो.)

कारकून : कडीताई?

कडी : नऊ सत्ते?

कोयंडा : तुला येतं ते.

कडी : तू सांग.

कोयंडा : त्रेसष्ट.

कडी : नव्वद हजार त्रेसष्टातून नव्वद हजार त्रेसष्ट गेले. बाकी... लिहिते बाई. हे बघ. किती गोल आलंय. मला शून्य इतकं गोल कधी येत नाही.

कारकून : नोंद करतो. ‘कडी यांच्या मते बाकी शून्य.’ मी तो दुसरा शिक्का बाहेर काढून ठेवतो. ‘बाकी शून्य.’ चोवीस वर्षं डबीत आहे, एकदाही... अरे.

कोयंडा : काय झालं?

कारकून : डबीतून निघत नाहीये.

कोयंडा : ओढा.

कारकून : ओढला. मूठ माझ्या हातात आली. रबर डबीतच राहिलं.

कडी : बाबांची कुलुपं बरी तुमच्या शिक्क्यापेक्षा.

कारकून : ‘बाकी उरली’ हा शिक्का मात्र उत्तम चालतो. रोजच्या वापरातला आहे ना.

कोयंडा : भागाकार किती आला?

कडी : वर बघ ना. दहा हजार नऊ.

कोयंडा : येणारच.

कडी : येणारच म्हणजे?

कोयंडा : काही नाही.

कडी : कोयंड्या, माझ्याकडे बघ. तुला माहीत होतं?

कोयंडा : सात हजार नऊशे एकोणीसच्या रविवारी कळलं. हजारावा भागाकार होता, तू शिरा केला होतास. घास तोंडात होता आणि एकदम दिसलं. दहा हजार आठ पावलं लांब, तेवढंच रुंद असं चौकोनी शेत. त्यातून एकच चौरस पाऊल जागा काढून घेतली, तर उरलेलं शेत एका बाजूनं एकानं आखूड आणि दुसऱ्या बाजूनं एकानं लांब असं बरोब्बर मांडता येतं. दहा हजार सात बाय दहा हजार नऊ. मोजणीतलं जुनं गणित आहे.

कडी : म्हणजे साडेचार वर्षं तुला ठाऊक होतं की भाग जाणार?

कोयंडा : जाणार, आणि कितव्या रविवारी जाणार, तेही.

कडी : आणि तू बोलला नाहीस! भिंत तर तुलाच हवी होती.

कोयंडा : ओळीनं जायचा नियम होता. बोलून काय लवकर आली असती भिंत?

कडी : तसं नाही विचारत. ठाऊक असूनही, गुडघे दुखत असताना, दोन बस बदलून, कशाला येत होतास, ते विचारतेय. ज्याचं उत्तर खिशात आहे ते गणित कुणी साडेचार वर्षं सोडवतं का?

कोयंडा : शिऱ्याची चव बरी होती.

कडी : त्यानंतर मी एकदाही शिरा केला नाही.

कोयंडा : म्हणूनच म्हटलं, केव्हातरी करशील.

कारकून : ‘शिरा’ हे नोंदीत घेऊ का?

कडी : गप्प बसा हो जरा. कोयंड्या, सात आणि नऊ. दोघांत अंतर किती?

कोयंडा : दोन.

कडी : बाबांनी बाराशे तीस रविवार हातानं लिहून काढले. कुठलाही आकडा घेता आला असता. एवढा आटापिटा करून दोनच्याच अंतरावरचे घेतले.

कोयंडा : शेजारशेजारचे घेतले म्हणजे शोधायला सर्वात जास्त वेळ लागतो. कुलूपवाल्याचं डोकं. त्यात दुसरं काही नाही.

कडी : तू दोन दिवस उशिरा आलास.

कोयंडा : काढलंस ना शेवटी!

कडी : चोवीस वर्षं नाही काढलं. आई विचारायची, कोयंडा कुठवर आला? मी म्हणायची, निघालाय, दोन दिवसांवर आहे. ती दोन बोटं वर करून दाखवायची आणि हसायची. गेली तेव्हा हात तसाच होता.

कोयंडा : हे मला कधी सांगितलं नाहीस.

कडी : तू ‘बाकी?’ विचारायचास. मी बाकी सांगायची.

कोयंडा : दोन गावांच्या हद्दीची मोजणी होती. साखळी अर्ध्यात टाकून उठलो असतो तर डोकी फुटली असती तिथे. मला वाटलं, ती थांबेल. माझ्यासाठी थांबायची ना ती. शाळा सुटली तरी दारात थांबायची.

कडी : थांबली रे. जमेल तेवढी थांबली.

कारकून : मी एक बोलू का? नोंदीबाहेरचं.

कडी : बोला.

कारकून : तुम्ही दोघं सात आणि नऊचं बोलताय. मधला आठ कुणी बघितला नाही. चोवीस वर्षं आकडे वाचून मला खोड लागलीय, घरी जाऊन शेजारपाजारचेही भागून बघतो. दहा हजार सात कुणाला भाग देत नाही. दहा हजार नऊही नाही. दोघंही आपले ताठ. पण मधला दहा हजार आठ, त्याला दोननं भाग जातो, तीननं जातो, चारनं, सहानं, आठनं, नवानं, बारानंसुद्धा. जो येईल त्याला वाटून देतो. स्वतःला काही ठेवत नाही.

कडी : आईच ती.

कोयंडा : आईच.

कारकून : नोंदीबाहेरचं होतं. आता ताळा, कोयंडेराव. ताळा जुळला की कागद पक्का, आणि गवंड्याला आत बोलवायचं. ऊन उतरलंय.

कडी : त्याला म्हणावं, पाणी मलाच विचारून घ्यावं लागेल. नळ अजून तरी माझा आहे.

कोयंडा : कागद द्या. दहा हजार सात गुणिले दहा हजार नऊ.

कडी : तोंडानं बोल. नेहमी बोलतोस तसा.

कोयंडा : नवानं गुणतो आधी. नऊ सत्ते त्रेसष्ट. त्रेसष्टातले तीन मांडले.

कडी : हातचे सहा.

कोयंडा : मध्ये बोलू नको. नऊ शून्ये शून्य. शून्य मांडलं.

कारकून : कोयंडेराव —

कोयंडा : शून्य. पुन्हा शून्य. नऊ एके नऊ. नव्वद हजार तीन. आता दहा हजारांनी गुणून दहा कोटी सत्तर हजार. बेरीज. दहा कोटी एक लाख साठ हजार तीन.

कडी : किती?

कोयंडा : ऐकू कमी येतं का? तीन. दहा कोटी एक लाख साठ हजार तीन.

कडी : हातचे सहा कुठे गेले, कोयंड्या?

कोयंडा : विसरलो.

कडी : विसरलास?

कोयंडा : एकाहत्तर वय झालं. माणूस विसरतो. कारकून, घ्या कागद. खाली सही केलीय.

कारकून : कागद अ, मूळ आकडा, शेवटी त्रेसष्ट. कागद ब, ताळा, शेवटी तीन. जुळत नाही.

कडी : अहो, पण तुम्हाला दिसतंय ना, की यानं —

कारकून : गणित तपासणं माझ्या कामात येत नाही, कडीताई. कागद जुळतो की नाही एवढंच बघायचं. जुळत नाही. यावर कलम सहा आहे. आजवर कधी वाचायची वेळ आली नव्हती, म्हणून घसा खाकरतो. ‘कोयंड्याचा ताळा चुकल्यास त्या दिवसाचा भागाकार रद्द समजावा. वही मिटावी आणि पुढच्या रविवारपासून पुन्हा दोननं सुरुवात करावी. कोयंडा सहसा चुकत नाही. चुकला, तर त्याला कुणी हसू नये.’

कडी : मी हसत नाहीये.

कारकून : डोळ्यांत पाणी आल्याचं लिहू का?

कडी : हवा दमट आहे. तसं लिहा.

कोयंडा : मुलाला मी कळवतो. म्हणावं, बापाचं डोकं चालेनासं झालं. त्याला ते आधीपासून पटलेलंच आहे.

कडी : आणि बँडवाला?

कोयंडा : त्याला म्हणावं, चोवीस वर्षांनी ये. तोवर त्याचे शिष्य शिकून तयार होतील. निदान कानाला बरं लागेल.

कडी : तेव्हा आपण पंच्याण्णव.

कोयंडा : तू पंच्याण्णव. मी अकरा मिनिटांनी कमी.

कडी : अकरा मानलीस ना शेवटी!

कारकून : मी मार्चमध्ये निवृत्त होतोय. पण साहेब म्हणतात, रविवारचं काम घरबसल्या चालू ठेवता येईल. मी नाही म्हटलं नाही. लावू शिक्का?

कडी : लावा.

कारकून : ‘बाकी उरली.’ छान उमटला. पुढच्या रविवारी भाजक दोन. येताना नवीन वही आणू की याच्याच पाठीमागे लिहायचं?

कोयंडा : नवीन आणा. जाड बघून आणा.

कडी : आणि तू लवकर ये. दोननं भागायला काय वेळ लागतो? दुपारभर करायचं काय मग?

कोयंडा : शिरा कर. आणि ती खडूची रेघ पुसून टाक, पाय पडून सगळीकडे पांढरं झालंय.

कडी : तूच पूस. तूच मारलीस.

कारकून : गवंडी विचारतोय, पहिली वीट द्या म्हणून. चोवीस वर्षांपूर्वी तुम्ही आणून ठेवलेली, दाराला लावलेली, तीच ना? त्याला काय सांगू?

कोयंडा : सांगा, राहू दे तिथेच. वारा सुटला की दार आपटतं.